जुन्या बाजारातला स्कोप: आठ महिने, एक टॅन्टलम आणि तो फॅन

खरं तर मला फक्त माझ्या ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे विजेचे सिग्नल पडद्यावर लाटेसारखे दाखवणाऱ्या स्कोपच्या, फॅनबद्दल लिहायचं होतं, मार्चपासून अर्धवट लिहून फोनमध्ये पडलं होतं, पण ऑगस्टमध्ये स्कोपच बंद पडला आणि आता सगळंच लिहितोय. १०० मेगाहर्ट्झ, दोन चॅनल, डिलेड स्वीप, सत्तरच्या दशकातला अमेरिकन ॲनालॉग डबा, ज्यांना कळायचं त्यांना एवढ्यात मॉडेल कळलं असेल. नाव मुद्दाम लिहीत नाही. पन्नास वर्षांनी एक टॅन्टलम कपॅसिटर गेला म्हणून कंपनीच्या नावाने बोंब मारण्यात काही अर्थ नाही, आणि दुसरं म्हणजे नाव लिहिलं की जुन्या बाजारात भाव चढतो.

जानेवारीतल्या एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतला. विकणारा म्हणाला, "साहेब, चालू कंडिशन आहे, बघा." चालू म्हणजे समोरचा दिवा लागतो. सात हजार सांगितले, मी दोनदा निघून जायचं नाटक केलं, ३८०० वर तुटलं. एक गोष्ट मात्र केली ती घेणाऱ्यांनी पाठ करून ठेवा: त्याला प्लग लावू द्यायच्या आधी मागचा व्होल्टेज सिलेक्टर २३० वर आहे का ते पाहिलं. ११५ वर ठेवून आपल्या लाइनला लावला तर पुढचं काही बघायलाच नको. प्रोब (सर्किटला टेकवायच्या वायरी) नव्हते, दोन प्रोबचे ९०० वेगळे गेले, म्हणजे ४७०० झाले, हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणारे. अकरा किलोचा डबा ॲक्टिव्हाच्या फूटबोर्डवर ठेवून कुंभारवेशीतून घरी आणला.

घरी थेट लावला नाही. १०० वॉटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये टाकून चालू केला, बल्ब एकदा भक्कन पेटला आणि मंद झाला, म्हणजे आत मोठा शॉर्ट नाही. डिमरस्टॅट असता तर व्होल्टेज हळूहळू चढवला असता, पण त्याच्या किमतीत अजून एक स्कोप येईल. मग बल्ब काढला, सरळ लाइनवर घेतला आणि अर्ध्या मिनिटात हिरवी बारीक रेघ आली. काय रेघ होती राव, सुईने ओढल्यासारखी! टाइम-डिव्हिजनचा (रेघेचा वेग ठरवणारा) खटका फिरवला की रेघ मधेच गायब व्हायची तेवढंच. शेजारचे काका म्हणाले गंजाचा स्प्रे मार. असलं काही करू नका. आतल्या कॅम स्विचला सोन्याचा मुलामा दिलेल्या नाजूक पट्ट्या असतात, वहीच्या कागदाचा तुकडा आयपीएत (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) भिजवून पट्टी आणि तिच्या खालच्या पॅडच्या मधे धरायचा, हळूच ओढायचा, कागद काळा येतो. दोन संध्याकाळी गेल्या, खर्च शून्य.

आता फॅन.

या माणसांनी (कंपनीतल्या म्हणतोय) एका चॅनलचा सिग्नल दुसऱ्यात झिरपतो तो क्रॉसटॉक मारला, डिले लाइन टाकून सिग्नलच्या ज्या कडेवर रेघ सुरू (ट्रिगर) होते ती कडसुद्धा पडद्यावर दिसेल अशी सोय केली, आणि मागे जो फॅन लावला तो असा की आमची आई आतल्या खोलीतून विचारते, "अरे, गिरणी कधी बंद करणारेस?" घुर्रर्र नाही, घुर्र-टक-घुर्र-टक. तो टक डोक्यात जातो. मी रात्री जेवणानंतर काम करतो, घरात सगळे झोपलेले, आणि हा टक-टक. फेब्रुवारीत मोटरच्या बुशमध्ये शिलाई मशीनचं तेल सोडलं, घुर्र कमी झाली, टक तसाच. मार्चमध्ये पाती पुसली, स्क्रू आवळले, खाली फोम घातला. एप्रिलमध्ये कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा फॅन बाहेरून लावून बघितला, आवाज गेला पण हवा पुरेना, वीस मिनिटांत वरची जाळी तापली म्हणून काढून टाकला, २२० रुपये पाण्यात. मे महिन्यात कानात बोळे घातले. तेव्हा मी लिहून ठेवलेलं वाक्य जसंच्या तसं देतो: "स्कोपला पाचपैकी साडेचार, फॅनला उणे दोन."

बाकी वापराबद्दल थोडक्यात, कारण बाकी तक्रार नाही. मी अँप्लिफायर दुरुस्त करतो, गणपतीच्या आधी दोन महिने मंडळांचे डबे येतात. क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन (लाटेच्या मध्यावर पडणारी खाच), फिल्टरचा कपॅसिटर सुकल्यावरचा १०० हर्ट्झचा हम, मधेच सुरू होणारं ऑसिलेशन, हे सगळं ॲनालॉग पडद्यावर जसं जिवंत दिसतं तसं माझ्या मित्राच्या डिजिटलवर दिसत नाही, त्याच्यावर चुकीच्या टाइम बेसला (वेगाच्या सेटिंगला) नसलेलीच लाट दिसते आणि तो तासभर तिच्या मागे लागतो. पण एकदाच येऊन जाणारा पल्स पकडायचा असेल तर माझा डबा कुचकामी, तो दाखवतो आणि विसरतो, हेही खरं. आणि नवशिक्यांना एक: एसएमपीएसच्या (चार्जरसारख्या स्विचिंग सप्लायच्या) प्रायमरीला, म्हणजे थेट लाइनला जोडलेल्या बाजूला, प्रोबची ग्राउंड क्लिप लावू नका. ती क्लिप थेट अर्थ असते, धडाम होतं. त्यावर उपाय म्हणून स्कोपची अर्थ पिन तोडणारे महाभाग असतात, त्यांचा आख्खा डबा लाइव्ह होतो.

तर ऑगस्ट. गणपतीला दहा दिवस, टेबलावर तीन अँप, रात्री साडेदहा. रेघ पाहता पाहता गेली. ना आवाज, ना धूर. समोरचा दिवा चालू. आणि फॅन चालू! बाकी सगळं मेलं, हा मात्र घुर्र-टक. (तो रेग्युलेटरच्या, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या सर्किटच्या, आधीच्या सप्लायवर चालतो, म्हणून.) त्या रात्री मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही.

वेळ नव्हता म्हणून मी एक चूक केली, एका दुरुस्तीवाल्याकडे नेऊन दिला. नाव-गाव सांगत नाही. तीन दिवसांनी फोन: "एचटी ट्रान्सफॉर्मर गेलाय, मिळत नाही, बाहेरून मागवावा लागेल, साडेसहा हजार. आणि चेकिंगचे ८०० तर द्यावेच लागतील." (एचटी म्हणजे पडद्याच्या ट्यूबला लागणारं हाय व्होल्टेज.) ३८०० चा डबा, साडेसहा हजारांची दुरुस्ती. घ्यायला गेलो. आता माझी एक सवय आहे, कुठलीही वस्तू बाहेर देताना मी स्क्रूवर बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका ठेवतो. सगळे ठिपके शाबूत. एकही स्क्रू फिरलेला नाही! "दादा, न उघडता ट्रान्सफॉर्मर गेलेला कसा कळला?" तर म्हणे अनुभव. अर्धा तास वाद झाला, शेवटी त्याच्या टेबलाच्या भाड्याचे म्हणून २०० टेकवले आणि निघालो. ते २०० मला अजून बोचतात.

मग मॅन्युअल उघडलं. जुन्या स्कोपची मॅन्युअल्स स्कॅन करून लोकांनी फुकट ठेवलीत, आणि आजच्या काळात हे वाचताना खरंच गंमत वाटते, आख्खा सर्किट डायग्राम, प्रत्येक स्टेज कशी चालते त्याचं वर्णन, कुठल्या पॉइंटवर कुठली लाट दिसली पाहिजे त्याचं चित्र. त्या काळी गिऱ्हाईक डबा उघडणार हे धरूनच चालायचे. टेकट्रॉनिक्स या स्कोप कंपनीच्या जुन्या ट्यूबवाल्या ५०० सिरीजमध्ये तर पार्ट सिरॅमिकच्या पट्ट्यांवर डागलेले असायचे, साध्या सोल्डरने पट्टीवरची चांदी निघून येते म्हणून चांदीमिश्रित सोल्डरचं छोटं रीळच डब्याच्या आत ठेवलेलं असायचं. आमच्या नव्या मिक्सरच्या डब्यात काय असतं, तर "उघडल्यास वॉरंटी रद्द".

मॅन्युअल म्हणतं काहीही बिघडो, आधी सप्लायच्या रेल (आत सगळीकडे वाटल्या जाणाऱ्या ठरावीक व्होल्टेजच्या लाइनी) मोजा. मोजल्या. १५ व्होल्टच्या रेलवर ०.३. आणि एचटी बनवणारं ऑसिलेटर याच खालच्या रेलवर अवलंबून, ती बसली की एचटी पण बसणार, म्हणजे त्या अनुभवी माणसाने पहिला नियमच पाळला नव्हता. बंद करून रेल ते ग्राउंड ओहममध्ये मोजलं: ०.९. चांगल्या बोर्डावर यापेक्षा कितीतरी जास्त यायला हवेत. शॉर्ट आहे. पण त्या रेलवर डझनभर टॅन्टलम, थेंबासारखे, पिवळे-निळे, सगळे बाहेरून एकदम सुंदर. एकेक उपटत बसलो असतो तर बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅक निघाले असते.

इथे जुनी युक्ती. स्कोप लाइनपासून पूर्ण काढून, बाहेरचा सप्लाय एक व्होल्ट आणि अर्ध्या अँपिअरवर बांधून त्या रेलला दिला, आणि मीटर मिलिव्होल्टवर ठेवून ट्रॅकवर सरकत गेलो. जिथे करंट वाहतो तिथे तांब्यात थोडे थोडे मिलिव्होल्ट पडत जातात, म्हणून शॉर्टच्या दिशेने आकडा उतरतो, आणि शॉर्ट ओलांडला की पुढे करंटच नाही, आकडा हलत नाही. उतरत उतरत व्हर्टिकल बोर्डाच्या कोपऱ्यातल्या एका थेंबापाशी थांबला. त्याच्यावर आयपीएचा थेंब टाकला, बाकीच्यांपेक्षा पटकन उडाला. सापडला चोर. २० व्होल्टचा टॅन्टलम १५ च्या रेलवर, मार्जिन काही नाही, आणि टॅन्टलम जातो तेव्हा बहुतेकदा शॉर्टच होतो. नशीब रेग्युलेटर करंट आवरून धरतो, नाहीतर असा थेंब चांगला ज्वाळा काढून जळतो.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत १० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचे सहा टॅन्टलम ९० रुपयांना मिळाले, कागदाच्या पुडीत, भाजके दाणे बांधतात तसे. गेलेला एकच होता पण त्याच बॅचचे शेजारी कशाला ठेवायचे म्हणून सहाच्या सहा बदलले. आणि इथे मी जवळजवळ घात केला होता. साध्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर पट्टा असतो तो मायनसचा. टॅन्टलमच्या थेंबावर खूण असते ती प्लसची. वीस वर्षांची सवय, हाताने चौथा उलटा बसवला. आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते, ते ताडून बघताना लक्षात आलं. उलटा टॅन्टलम चालू केला असता तर हा मजकूर अग्निशमन दलाबद्दल झाला असता. फोटो काढा, प्रत्येक वेळी काढा. आणि पडद्याच्या ट्यूबच्या ॲनोडच्या जाड वायरजवळ बोट नेऊ नका, तिथे हजारोंनी व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही काही काळ राहतात.

चालू केला. १५ च्या जागी १४.९६. रेघ परत. मग त्याचाच चॅनल एक त्याच्याच १५ च्या रेलला लावून रिपल (व्होल्टेजमधली थरथर) बघितला, म्हणजे डॉक्टरने स्वतःचीच नाडी धरल्यासारखं, पण निवांत होता. अँप दोन दिवस उशिरा गेले, मंडळवाल्यांनी शिव्या घातल्या, गणपती बसले.

पण हे सगळं राहू द्या, मुख्य गोष्ट वेगळीच आहे. शॉर्ट शोधायला मागचा पत्रा पहिल्यांदाच पूर्ण काढला होता, आणि फॅनच्या गोल कवचाच्या आतल्या बाजूला एक कागद अर्धवट चिकटून लोंबत होता. कुठल्यातरी लॅबचा कॅलिब्रेशनचा (मोजमाप तपासल्याचा) स्टिकर. शाई उडालेली, पुढच्या तपासणीची तारीख तेवढी वाचता आली, मार्च १९८९. कुणाच्यातरी हातून आत पडला असणार, हवेने ओढला, कवचाला चिकटला आणि त्याचं सुटलेलं टोक दर फेऱ्याला पात्याला लागत होतं. टक. टक. टक. मी सात महिने बुशला तेल पाजत होतो, फोम, २२० चा फॅन, कानात बोळे, आणि होता काय तर एक स्टिकर! चिमट्याने काढला. आता फक्त मंद घुर्र येते, खोलीतल्या पंख्याखाली तीही ऐकू येत नाही. त्यामुळे उणे दोन परत घेतो. फॅन उत्तम आहे, हवा भरपूर देतो. कंपनीची मनापासून माफी मागतो.

हिशोब: ४७०० अधिक ९० अधिक पाण्यात गेलेले २२० अधिक ते २००, एकूण ५२१०. तेल आईच्या मशीनच्या खणातलं होतं, ते धरत नाही. नवा डिजिटल घ्यायचा तर पंचवीस-तीस हजारांच्या घरात जातो.

अपडेट, सप्टेंबर: नवीन भानगड झालीये. परवा रात्री काम संपवून झोपलो आणि सकाळी बघतो तर स्कोप चालू, रेघ मधोमध, आख्खी रात्र. पूर्वी टक-टक मुळे बंद करायची आठवण व्हायची, आता आवाजच नाही. ७५ वॉट धरले तरी नऊ तासांत पाऊण युनिटच्या आसपास गेलं, आणि ब्राइटनेस जरा चढा असता तर पडद्यावर रेघेचा डाग कायमचा बसला असता ते वेगळंच. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग तो कागद परत लाव ना." फेकलेला नाहीये, टॅन्टलमच्या पुडीत आहे.