दंडाचं बीपी मशीन: दोन आकडे दाखवतं, तिसरा आपणच काढायचा

तालुक्याच्या मेडिकलमध्ये साधारण दीड-अडीच हजारांत मिळणारं, चार पेन्सिल सेलवर चालणारं दंडाचं मशीन खेड्यातल्या घरी घेण्यासारखं आहे. लाईन गेली तरी अडत नाही. मनगटाचं घेऊ नका. हात हृदयापेक्षा 10 सेंटिमीटर खाली राहिला की ते 7-8 अंक जास्त दाखवतं.

या मशीनची खरी उणीव वेगळी आहे. वरच्या बीपीतून खालचं वजा केलं की येतो तो नाडीदाब, म्हणजे पल्स प्रेशर, आणि तो बहुतेक मशीन दाखवतच नाहीत. 120/80 ला तो 40. पण म्हाताऱ्या माणसाचं 160/70 आलं, तर घरचे म्हणतात, ‘खालचं तर बरोबर आहे!’ इथेच फसगत होते. वजाबाकी 90 आहे. लवचीक धमनी ठोक्याला फुगते आणि दोन ठोक्यांच्या मध्ये आवळून दाब टिकवते; ती कडक झाली की वरचं चढतं, खालचं उतरतं. उतारवयात फरक सतत 60 च्या वर राहिला तर डॉक्टरांना दाखवाच. रक्त कमी असणं, थायरॉईडचं हार्मोन जास्त होणं किंवा महाधमनीची झडप गळणं यांनीही तो वाढतो.

उलट, डेंग्यूच्या तापात 100/80 म्हणजे फरक 20. आकडे साधे दिसतात, पण ही शॉकची, म्हणजे शरीराचा रक्तपुरवठा कोसळू लागल्याची खूण आहे. ताप उतरताना विशेष जपा. सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

मशीन पट्ट्यातल्या हवेची थरथर मोजतं आणि दोन्ही आकडे त्यावरून हिशेबाने काढतं. म्हणून वजाबाकीत दोघांची चूक येते. मिनिटाच्या अंतराने तीनदा मोजा, पहिलं सोडा, उरलेल्या दोघांची सरासरी घ्या. ठोके अनियमित असतील तर एवढ्यानेही भागत नाही.

नेहमीचा पट्टा 22 ते 32 सेंटिमीटर दंडाचा असतो. शेतमजूर बाईचा 20 चा दंड असेल तर बीपी कमी दिसेल, जाड दंडाला जास्त. मशीन घेण्याआधी शिंप्याच्या टेपने दंड मोजून न्या. खर्रा, चहा अर्धा तास आधीपासून बंद. बाजेवर पाय लोंबकळत ठेवून मोजू नका. पाठ टेकवून, पावलं जमिनीवर, पाच मिनिटं गप्प. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर.

सेल कमजोर झाले की पट्टा अर्धवट फुगून एरर येते. मशीन बिघडलं म्हणून मेडिकलवाल्याशी भांडण्याआधी चारही सेल एकदम बदला.