ओपिनेल ८ नंबर, कार्बन पोलादाचं पातं: आठ महिन्यांनंतर

जुलैत हा घडीचा चाकू उघडेनासा झाला तेव्हा परत करायलाच निघालो होतो. पावसात भिजलेल्या पँटच्या खिशात रात्रभर राहिला, बीच लाकडाची मूठ फुगली आणि पातं खाचेत गच्च आवळलं गेलं. ओढून ओढून नख दुखलं. दुकानदाराला फोन केला, तर "लाकूड आहे, फुगणारच" म्हणून त्याने फोन ठेवला. साडेआठ सेंटीमीटर पात्याला एवढे पैसे मोजून हे उत्तर! त्या दुकानात पुन्हा जाणार नाही.

मुळात घेतला तो आजोबांच्या चाकूची आठवण म्हणून. चौथीची परीक्षा झाली होती, देवगडच्या घरी त्यांनी घडीचा चाकू माझ्यासमोर ओटीवर ठेवला. "उचल. चाकू हातात देवचो नाय, भांडाण होता." त्याच दुपारी मिठासोबत कैरी कापली आणि संध्याकाळपर्यंत पातं काळंनिळं. बिघडवला, असं वाटून रडलो. आजोबांनी चुलीतली राख चोळली, खोबरेलाचं बोट फिरवलं आणि परत ओटीवरच ठेवला. डाग पूर्ण गेला नाहीच. पुढे तो चाकू विहिरीत पडला.

म्हणून स्टेनलेस असताना मुद्दाम कार्बन घेतला. एप्रिलमध्ये पहिल्याच कैरीला तोच निळसर डाग पडला, बोटांना तोच लोखंडी वास. किती वेळ नुसता बघत बसलो. कैरीच्या आंबटाने चढणारा हा थर लाल गंज थोडा रोखतोही, पण धुतल्या धुतल्या पुसायला हवं.

आता जुलैतलं मत बदलतो. जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये फ्रान्सच्या ज्या साव्वा भागात हे चाकू करायला घेतले, तिथल्या लोकांची युक्ती सापडली: पात्याच्या बुडाशी असलेली फिरती कडी मोकळी करून मुठीचं मागचं टोक टणक जागी ठोकायचं. उंबऱ्यावर ठोकलं. दुसऱ्या ठोक्याला पातं नखभर वर आलं! चार दिवस सावलीत सुकवला, सांध्यात खोबरेल सोडलं, आता सुरळीत उघडतो.

आणि ती कडी. १९५५ पासून या चाकूंना ती आहे. फिरवली की उघडं पातं मिटत नाही. आजोबांच्या चाकूला असली अडकण नव्हती, माझ्या तर्जनीवर त्याची खूण अजून आहे. एवढ्या एका कडीसाठी मी याला पूर्ण गुण देतो.

पावसाळाभर मात्र खिशात नाही, तांदळाच्या डब्यात.