प्रोस्टेट तपासणी पॅकेज: वंश विचारला, पण अहवालात त्याचा मागमूस नाही

चाळिशी उलटलेल्या पुरुषांसाठी एका प्रयोगशाळेने सुरू केलेले प्रोस्टेट तपासणीचे पॅकेज मी आणि माझ्या एका सहकाऱ्याने एकाच दिवशी घेतले. मी दक्षिण आशियाई वंशाचा, वय ५३; तो पश्चिम आफ्रिकी वंशाचा, वय ४६. या फरकामुळेच सेवेची खरी पारख झाली, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

रक्त घेण्याच्या व्यवस्थेबद्दल मला समाधान आहे. नमुना घेणाऱ्या परिचारिकेने लघवीचा जंतुसंसर्ग, गेल्या दोन दिवसांतील वीर्यस्खलन आणि फिनास्टेराइडसारखी (प्रोस्टेटची वाढ किंवा केसगळती रोखणारी) औषधे यांची न संकोचता चौकशी केली. हे विचारणे आवश्यकच असते, कारण पहिल्या दोन गोष्टींनी पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणाऱ्या आणि या तपासणीत मोजल्या जाणाऱ्या प्रथिनाचे रक्तातील प्रमाण, तात्पुरते वाढू शकते, तर फिनास्टेराइडने ते साधारण निम्म्यावर येते. अर्जात वय, वडील किंवा भावाचा आजार आणि वंश असे रकाने होते.

अहवालाने मात्र निराशा केली. माझे पीएसए २.४ आले, त्याचे २.६, आणि दोघांच्याही अहवालावर ‘४ पेक्षा कमी, सामान्य’ एवढेच वाक्य व त्यापुढे हिरवी खूण होती. चाळिशीतल्या पुरुषाचे पीएसए बहुधा १ च्या खाली असते, त्यामुळे ४६व्या वर्षी २.६ हा आकडा असा हिरवी खूण करून सोडून देण्याजोगा नव्हे. त्यात हा पुरुष कृष्णवर्णीय असेल तर मुळीच नव्हे. ब्रिटनमधील आकडेवारीनुसार आयुष्यात कधीतरी प्रोस्टेटच्या कर्करोगाचे निदान होण्याची शक्यता कृष्णवर्णीय पुरुषांत ४ पैकी १, गोऱ्यांत ८ पैकी १ आणि आशियाई वंशाच्या पुरुषांत १३ पैकी १ आहे. या आजाराने मृत्यू येण्याची शक्यता अनुक्रमे १२ पैकी १, २४ पैकी १ आणि ४४ पैकी १. म्हणजे निदान झालेल्यांपैकी साधारण एकतृतीयांश पुरुष या आजाराने दगावतात, हे प्रमाण तिन्ही गटांत जवळपास सारखेच आहे. मोठी तफावत आहे ती आजार जडण्याच्या शक्यतेत. म्हणूनच कुणाची तपासणी किती लवकर सुरू करायची, हे ठरवताना वंशाचा विचार व्हायला हवा.

पॅकेजमधला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे डॉक्टरांशी फोनवरचा सल्ला, आणि तो मागितल्याशिवाय मिळत नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे. सहकाऱ्याने कौटुंबिक इतिहासाच्या रकान्यात ‘नाही’ लिहिले होते. डॉक्टरांनी त्याला वडील कशाने गेले, असे साध्या शब्दांत विचारले. कंबरदुखीने अंथरूण धरले आणि पुन्हा उठलेच नाहीत, असे त्याने सांगितले. प्रोस्टेटचा कर्करोग पसरतो तेव्हा बहुधा कण्याच्या आणि कमरेच्या हाडांत शिरतो, त्यामुळे हे उत्तर ‘नाही’ धरता येणार नाही, असे सांगून त्यांनी काही आठवड्यांनी फेरतपासणी आणि आकडा तसाच राहिल्यास एमआरआय सुचवला.

मला त्यांनी दिलासा दिला, पण बेफिकीर होऊ दिले नाही. वंशाने येणारी जोखीम अंशतः जनुकीय असते, ८व्या गुणसूत्रावरील काही बदल आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत अधिक आढळतात. पण जपानमधून अमेरिकेत स्थायिक झालेल्या पुरुषांत या आजाराचे प्रमाण मायदेशातल्यापेक्षा वाढलेले दिसले, तेव्हा राहणीमान आणि तपासण्यांचे प्रमाणही त्यात येते, हे त्यांनी समजावून सांगितले. आशियाई असणे म्हणजे सूट नव्हे, एवढे मला नीट कळले.

पाचपैकी तीन तारे देतो, आणि ते तिन्ही परिचारिकेचे व डॉक्टरांचे आहेत. वंशाचा रकाना भरून घ्यायचा असेल, तर त्याचा अर्थ अहवालातच लिहून द्यावा आणि फोनवरचा सल्ला प्रत्येकाला आपणहून द्यावा. पॅकेज घेणाऱ्यांनी तोवर हा सल्ला स्वतः मागून घ्यावा, विशेषतः अहवालावर हिरवी खूण असेल तेव्हा. सहकाऱ्याच्या फेरतपासणीत पीएसए २.८ आले असून त्याच्या एमआरआयची तारीख ठरली आहे.