उर्दूवाल्या कंप्युटरवर नवा गेम: वायर, चिप की पार्सल?

"मामा, भेटला! तुमच्या दुकानात हाय तसाच, उर्दूवाला."

भाच्याचा फोन आला तेव्हा मी एका टीव्हीच्या बॅकलाइटच्या पट्ट्या काढून बसलो होतो. मोर्शीकडे कुणाच्या तरी माळ्यावर त्याला बारदानात गुंडाळलेला कंप्युटर सापडला होता, कीबोर्डवर इंग्रजीसोबत अरबी अक्षरं. उर्दू नाहीच ती. पण आमच्या गावात इतकी वर्षं त्याला 'उर्दूवाला' म्हणतात आणि मी आता कुणाला सुधारायला जात नाही.

यंत्राचं खरं नाव सख्र. कुवेतच्या अल आलमिया कंपनीनं ऐंशीच्या दशकात अरब देशांत विकलेला घरगुती कंप्युटर. तिकडे कामाला गेलेल्या माणसांनी टू-इन-वन आणि ब्लँकेटांसोबत एखादा इकडेही आणला. माझ्याकडचा एका गिऱ्हाइकानं टीव्ही दुरुस्तीच्या पैशांऐवजी ठेवला होता. तेव्हा वाटलं, पैसे बुडाले.

आतून तो एमएसएक्स आहे. १९८३ साली जपानमध्ये जाहीर झालेला हा एक सामाईक साचा: झेड-८० प्रोसेसर ३.५८ मेगाहर्ट्झवर, चित्रासाठी वेगळी १६ के (किलोबाइट) मेमरी, आवाजाला तीन सूर एकदम काढणारी चिप. सोनी, फिलिप्स, यामाहा अशा अनेकांनी या साच्याची यंत्रं काढली आणि एकाचं कार्ट्रिज (खाचेत बसणारी गेमची डबी) दुसऱ्यात चालतं. सख्रला आजही नवे गेम मिळतात ते यामुळेच. स्पेन, नेदरलँड्स, ब्राझील, जपान इथले हौशी लोक अजून लिहितात. २००३ पासून एमएसएक्सडेव्ह नावाची स्पर्धा आहे, तिच्यातले कितीतरी गेम लिहिणाऱ्यांनी स्वतःच फुकट ठेवलेत. ग्रिएल्स क्वेस्ट फॉर द सँग्राल हा कोड्यांचा गेम माझ्या दुकानात शाळा सुटल्यावरच्या पोरांनी इतका खेळला की बाणांच्या बटणांवरची अक्षरं गेली.

तर भाच्याचा प्रश्न: गेम चढवायचा कसा? परदेशातून छापील डबीतलं कार्ट्रिज मागवायचं, मेमरी कार्ड बसणारं फ्लॅश कार्ट्रिज घ्यायचं, चिप स्वतः जाळायची (म्हणजे कोऱ्या चिपेत गेम भरून कार्ट्रिज करायचं), की मोबाइलवरून कॅसेटसारखं वाजवून भरायचं? चारही मी करून पाहिलंय. नागपूर-पुण्यात बसून ठरवणाऱ्यांचा हिशोब वेगळा असेल. आमच्याकडे दोन गोष्टी आधी धरायच्या: लाइन कधी जाईल याचा नेम नाही, आणि बिघडलेली वस्तू दुरुस्त करणारा माणूस साठ-सत्तर किलोमीटरच्या आत पाहिजे.

मोबाइल आणि वायर

सगळ्यात स्वस्त हीच, म्हणून सुरुवात इथून. एमएसएक्सच्या मागे कॅसेट रेकॉर्डरसाठी आठ पायांचं गोल डिन सॉकेट असतं. पाच नंबरचा पाय म्हणजे आत येणारा आवाज, दोन नंबर अर्थिंग. दुसऱ्या टोकाला मोबाइलची हेडफोन पिन. गेमची कॅस फाइल कॅसटूल्ससारख्या प्रोग्रामनं आवाजाच्या वेव्ह फाइलमध्ये बदलायची, मोबाइलवर वाजवायची आणि सख्रवर रन "कॅस:" किंवा बीलोड "कॅस:",आर टाइप करून थांबायचं. शून्यासाठी १२०० हर्ट्झची एक लहर, एकासाठी २४०० च्या दोन. कानाला तो रातकिड्यांचा आवाज वाटतो.

थांबायचं किती? नेहमीचा वेग सेकंदाला १२०० बिट, आणि प्रत्येक बाइटमागे सुरुवात-शेवट धरून ११ बिट जातात. म्हणजे १६ के भरायला अडीच मिनिटं, ३२ के-ला पाच. दुप्पट वेगही आहे, पण वायर जरा हलली की बोंब.

ही पाच मिनिटं वाटतात त्याहून लांब असतात. एकदा साडेचार मिनिटं सगळं सुरळीत चाललं होतं, पोरं पडद्याकडे डोळे लावून, आणि मोबाइलवर माझ्या साळ्याचा फोन आला. रिंगटोन सरळ सख्रच्या पोटात. पडद्यावर 'डिव्हाइस आय/ओ एरर'. पोरांनी साळ्याला जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून आधी एअरप्लेन मोड, मग आवाज जवळजवळ पूर्ण, इक्वलायझर बंद. आणि फाइल व्हॉट्सॲपवरून ऑडिओ म्हणून मागवू नका, दाबून दाबून ती पार बिघडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

लाइन गेली की परत पहिल्यापासून. उन्हाळ्यात दुपारी तर मी हा उद्योग करतच नाही. शिवाय कार्ट्रिजसाठी लिहिलेला प्रत्येक गेम असा भरता येत नाही. लिहिणाऱ्यानं कॅसेटची आवृत्ती दिलेली असेल तरच सरळ काम होतं. मोठे, १२८ के-चे गेम विसरा.

तरीही भाच्याला मी हेच आधी करायला सांगितलं. यंत्र जिवंत आहे का, कीबोर्डची बटणं लागतात का, चित्र नीट येतं का, हे शे-दोनशे रुपयांच्या वायरीत कळतं. माळ्यावरून काढलेल्या यंत्रासाठी आधीच परदेशी पार्सल मागवणं म्हणजे बैल बाजारात असताना घरी झूल शिवणं.

चिप स्वतः जाळणं

माझा जीव यात रमतो, तेव्हा थोडं लांबेल.

३२ के-चा गेम असलेल्या कार्ट्रिजमध्ये फार काही नसतंच. एक २७सी२५६ ईप्रॉम (पुसून परत भरता येणारी मेमरी चिप), तिच्या पायाशी एक शून्य पूर्णांक एक मायक्रोफॅराडचा कपॅसिटर, आणि ५० पट्ट्यांची, दोन्ही बाजूंना २५-२५ अशी सर्किटची पाटी. गेमच्या पहिल्या दोन बाइट्समध्ये 'एबी' ही अक्षरं असतात. यंत्र सुरू होताना स्लॉटमध्ये ती शोधतं आणि सापडली की सरळ गेमवर उडी मारतं. कमांड नाही, वाट पाहणं नाही. बटण दाबलं की गेम. लाइन जाऊन आली तरी परत बटण दाबलं की गेम.

पाटी तयार मागवता येते. मी पहिली हातानं केली, मार्करनं रेषा आखून फेरिक क्लोराइडमध्ये बुडवून. त्यात एक चूक केली ती सांगतो, कारण ती सगळेच करतात. चिपचा ए१४ पाय (मेमरीतला पत्ता सांगणाऱ्या पायांपैकी एक) मी स्लॉटच्या ए१४ ला जोडला. नावं जुळतात, मग चुकेल कसं? पण यंत्राला हा गेम मेमरीच्या ४००० ते बीएफएफएफ (हे हेक्स आकडे) या पट्ट्यात दिसतो. त्यातला पहिला अर्धा भाग आणि दुसरा अर्धा भाग वेगळे ओळखू येतात ते ए१५ वरून. ए१४ वर चालाल तर दोन्ही भाग उलटे बसतात. यंत्राला 'एबी' भलत्या ठिकाणी सापडलं, त्यानं उडी मारली आणि तिथेच थिजलं. दोन रात्री मी सोल्डरिंगला दोष देत होतो. चिपचा ए१४ स्लॉटच्या ए१५ ला जोडला आणि तिसऱ्या रात्री बारा वाजता दुकानात गाणं वाजलं. बायको उठून बघायला आली. "हे ऐकाले जागून राहिले का तुम्ही?"

चिप जाळायला प्रोग्रामर लागतो. टीएल८६६ जातीचा लहान डबा मी वापरतो, तो लॅपटॉपच्या यूएसबीवर चालतो. जुनी खिडकीवाली ईप्रॉम पुसायला अतिनील दिवा लागतो, साधारण पंधरा-वीस मिनिटं. खिडकीवर स्टिकर लावायला विसरू नका. चिपच्या कागदपत्रात लिहिलेलं असतं की थेट उन्हात आठवडाभरात ती पुसली जाते. ते लिहिणाऱ्यानं वैशाखातलं वऱ्हाड पाहिलं नसणार.

दिव्याची कटकट नको असेल तर डब्ल्यू२७सी५१२ घ्या, ती विजेनंच पुसली जाते. फक्त ती ६४ के-ची आहे. २५६ च्या पाटीवर एक नंबरचा पाय ५ व्होल्टला बांधलेला असतो, त्यामुळे यंत्राला चिपचा वरचा अर्धाच भाग दिसतो. म्हणून गेम एकामागे एक असा दोनदा जाळायचा, भानगडच मिटते.

चिपा घेताना जपून. 'नवी' म्हणून येणारी कितीदा तरी जुन्या बोर्डावरून काढून, घासून, वर नवं नाव छापलेली असते. मी दहा मागवल्या, तीन आधीच भरलेल्या निघाल्या. कोऱ्या आहेत का ते प्रोग्रामरवर आधी तपासायचं.

खोट एकच: एका चिपेवर एक गेम. आणि सोल्डरिंग येत नसेल तर हा रस्ता नाही. पण बिघडलं तर? तालुक्यातला कुठलाही टीव्हीवाला पाटी बघून सांगेल कुठली रेघ तुटली. माझ्या मते गावासाठी हीच खरी वस्तू.

फ्लॅश कार्ट्रिज

मेगाफ्लॅशरॉम एससीसी प्लस एसडी किंवा कार्निव्होर-२, ही दोन नावं कानावर येतील. पहिल्यात एसडी कार्ड, दुसऱ्यात कॉम्पॅक्टफ्लॅश. शेकडो गेम एका कार्डावर, मेगारॉम म्हणजे मोठ्या मेमरीचे गेमही, वर कोनामीच्या जुन्या कार्ट्रिजांत असायची ती एससीसी आवाजाची चिपही त्यात बसवलेली. गेम ऐकले की फरक कळतो.

आधी हे घ्या असं मी कुणाला म्हणत नाही. महाग आहे, वर कस्टम ड्यूटी आणि पोस्टेज. बिघडलं तर इथे कुणी हात लावणार नाही, मीसुद्धा नाही. आणि एक सवय लागते: पोरं गेम दोन मिनिटं खेळतात आणि पुढचा लावतात.

एका माणसासाठी मात्र हेच बरोबर: ज्याला स्वतः प्रोग्राम लिहायचेत. बेसिकमध्ये (यंत्रातच असलेली प्रोग्रामची भाषा) लिहिलेलं कार्डावर साठवता येतं, लॅपटॉपवर लिहून लगेच यंत्रावर तपासता येतं. हे नसेल तर साठवणं म्हणजे पुन्हा कॅसेट. भाचा आयटीआय झालेला आहे, त्याच्या डोक्यात हे आहेच, म्हणून तो अडतो. घेतलंच तर एवढं लक्षात ठेवा: डिस्कची व्यवस्था थोडी मेमरी खाते. रिकाम्या यंत्रावर बेसिकला २८,८१५ बाइट दिसतात (रॅम ६४ के असली तरी जास्त दिसत नाहीत, घाबरू नका), कार्ड लावलं की ती संख्या काही हजारांनी घटते. एखादा गेम त्यामुळे अडला तर सुरू करताना शिफ्ट दाबून धरा.

डबीतलं कार्ट्रिज

छापील डबी, रंगीत पुस्तिका, आत नवा गेम. मी एकच मागवलं, स्पेनहून, सव्वा महिन्यानं आलं. दुकानात काचेमागे ठेवलंय. खेळायला तेवढ्याच गेमची रॉम फाइल (चिपेत जसाच्या तसा भरायचा गेम) जाळून वापरतो. ज्यानं गेम लिहिला त्याला पैसे मिळाले याचा आनंद वेगळा, पण रॉम फाइल विकतही मिळते बऱ्याच गेमची, आणि तिला पोस्टेज लागत नाही. गेम आवडला, घरात एक तरी अशी वस्तू असावी वाटलं, तर घ्या. पहिला खर्च म्हणून नको.

घेण्याआधी

काहीही विकत घेण्याआधी गेम मोबाइलच्या ब्राउझरमध्ये वेबएमएसएक्सवर किंवा लॅपटॉपवर ओपनएमएसएक्समध्ये (दोन्ही एमएसएक्सची नक्कल करणारे प्रोग्राम) खेळून बघा. दोन गोष्टी तपासा. एक, गेम 'एमएसएक्स १' चा आहे ना. 'एमएसएक्स २' चा असेल तर चित्राची चिपच वेगळी लागते, वर सांगितलेलं कुठलंही कार्ट्रिज ते भरून काढणार नाही. दोन, जपानी गेम ६० हर्ट्झसाठी लिहिलेले असतात आणि कुवेतचं यंत्र आपल्यासारखंच पाल (टीव्ही-चित्राची पद्धत), ५० हर्ट्झवर चालणारं. गाणं रेंगाळतं, उड्या संथ होतात. युरोपातल्या नव्या लिहिणाऱ्यांना हे ठाऊक असतं, त्यांचे गेम निवडा. पालचा फायदाही आहे: आपला जुना डबा टीव्ही काही न बदलता चालतो.

कार्ट्रिज घालताना-काढताना यंत्र बंद. पट्ट्या काळ्या पडल्या असतील तर शाळेचं खोडरबर घासायचं. स्लॉटमध्ये तीस वर्षांची धूळ असेल, ती आधी ब्रशनं काढायची, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल.

भाच्यानं शेवटी विचारलं, "म्हंजे मामा, वायर आणि चिप, दोन्ही तुमच्याच दुकानात. पार्सलचे पैसे तुम्हीच घेता का बाप्पा?"

म्हटलं, अबे, बाजाराच्या दिवशी यंत्र घेऊन ये. लाइन असेल तर संध्याकाळी लावून बघू. आणि त्याच्या लाइनच्या वायरीचा तीन चौकोनी पायांचा कुवेती प्लग कापू नको, त्याचा कन्व्हर्टर आहे माझ्याकडे.