बुटक्या जपानी मेपलचं बी विकत घेताय?

बुटक्या जपानी मेपलच्या, म्हणजे पंजासारख्या पानांच्या शोभेच्या झाडाच्या, नावाखाली ऑनलाइन दोन गोष्टी गळ्यात मारल्या जातात: बियांचं पाकीट आणि लाल पानांचं रोप.

पाकिटात बी अस्सल निघालं तरी फसवणूक असतेच. ‘शाइना’, ‘मिकावा यात्सुबुसा’ हे बुटके वाण कलमानेच टिकवतात. त्यांच्या बियांतून बहुतेक वेळा साधं, उंच वाढणारं झाड येतं. शिवाय वाळलेलं बी कोमट पाण्यात २४ तास भिजवून, ओलसर वाळूत, ३ ते ५ अंशांवर तीन-चार महिने फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. पाकिटावर छापलेलं असतं, ‘१५ दिवसांत उगवण’. खरी मेख इथे आहे. माल परत करायची मुदत सहसा त्याहून कमी दिवसांची. बी रुजत नाही हे कळेपर्यंत ती उलटून गेलेली असते. वर ‘तुम्ही पाणी जास्त घातलंत’ हेही ऐकून घ्यायचं! आणि फोटोत निळी पानं असतील तर किंमतसुद्धा पाहू नका. निळ्या पानांचा मेपल नसतो.

रोपाच्या बाबतीत पंजासारखी लाल पानं पाहून माणूस भुलतो. अनेकदा ते अंबाडीच्या कुळातलं झुडूप निघतं. फांदी डोळ्यांजवळ धरा. मेपलची पानं समोरासमोर, जोडीने येतात. एक पान इकडे, पुढचं जरा वर पलीकडे, असं असेल तर तो मेपल नव्हे. हे झुडूप आपल्या उन्हात झकास फोफावतं, त्यामुळे मेपल लागला म्हणून खूश असलेले लोकही भेटतात.

पानं जोडीने असली तरी बुंध्याशी कलमाची गाठ किंवा तिरका वण शोधा. दोन्ही नसेल तर ते बहुधा बियांचं रोप. त्याला बुटक्या वाणाची किंमत मोजू नका. कधी वरचं कलम मेलेलं असतं आणि खालच्या खुंटालाच, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्यालाच, हिरवे फुटवे आलेले असतात, तेही ‘ताजी पालवी’ म्हणून खपवतात. जिवंत कलमाखालीही असा फुटवा आला तर लगेच ओढून काढा, नाहीतर खुंट वरच्या कलमाला दाबून टाकतो.

अस्सल कलमसुद्धा मुंबई-पुण्यात रखडतंच: हिवाळ्यात पुरेशी थंडी नाही, एप्रिलमध्ये पानांच्या कडा करपतात. ते हिमाचल-उत्तराखंडच्या डोंगरात शोभतं. ‘महाराष्ट्रात हमखास जगेल’ म्हणणाऱ्याकडून काहीच घेऊ नका.

पैसे देण्याआधी त्याच रोपाच्या बुंध्याचा आणि एका फांदीचा जवळून काढलेला फोटो मागवा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, बिल आणि पार्सल उघडतानाचा व्हिडिओ जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार करताना हेच पुरावे कामी येतात.