हौद्यावरचा कॅम्पर आणि गाडीची वायरिंग: सात पिनी, जाड वायर की नुसतं सोलर?

पिकअपच्या हौद्यावर चढवता-उतरवता येणारा कॅम्पर बसवला की त्याला गाडीकडून दोन गोष्टी लागतात. एक मागचे दिवे, दुसरं आतल्या बॅटरीला चार्जिंग. दोन्ही एकाच प्लगातून न्यावं असा मोह बहुतेकांना होतो. मलाही झाला. वेळणेश्वरला दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिज बंद, आत किलोभर सुरमई, आणि तिचा वास थेट उशीपर्यंत.

आपल्याकडे ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या सामानाच्या दुकानात मिळतं ते गोल पिनांचं सात पिनी सॉकेट. त्यात दोन इंडिकेटर, ब्रेक, दोन्ही बाजूंचे टेल, अर्थ आणि मागच्या फॉगची एक पिन. चार्जिंगची पिन त्यात मुळातच नाही. व्हिडिओत दिसतो तो अमेरिकेतला चपट्या पात्यांचा प्लग. त्यात चार्जिंगची लाइन असते, मधोमध रिव्हर्सची. दोघांनाही ‘सात पिनी’च म्हणतात, तिथेच फसगत होते. मी फॉगच्या पिनेतून चार्जिंग नेलं. वायर दीड चौरस मिलिमीटरची आणि बॉनेटपासून कॅम्परपर्यंत जाऊन-येऊन बारा मीटर. घरी आल्यावर मल्टिमीटर लावला तर पुढच्या बॅटरीवर १४.१ व्होल्ट आणि कॅम्परमध्ये १२.६. जेमतेम १० अँपिअरला दीड व्होल्ट वायरीनेच खाल्ला! १२.६ वर लेड-ॲसिड बॅटरीही धड भरत नाही, लिथियमचं तर नावच नको.

दिव्यांसाठी मात्र सात पिनी उत्तम. फक्त नव्या गाडीत टेलच्या वायरीला सरळ जोड मारू नका. बऱ्याच गाड्यांचा कॉम्प्युटर दिव्यांचा लोड मोजतो. जादा बल्ब लागला की वॉर्निंग देतो. गाडीच्या दिव्याच्या वायरीवरून रिलेला (छोट्या करंटच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) नुसता इशारा घ्यायचा आणि करंट बॅटरीवरून वेगळ्या फ्यूजने द्यायचा.

चार्जिंगसाठी १६ चौरस मिलिमीटरची जाड जोडी आणि ५० अँपिअरचा अँडरसन प्लग. हा प्लग ई-रिक्षाचं सामान विकणाऱ्याकडे मिळतो. त्याची दोन्ही तोंडं सारखीच, त्यामुळे नर-मादीची भानगड नाही. त्याच बारा मीटरला २५ अँपिअरवर साधारण ०.३५ व्होल्ट पडतात, ते चालतं. फ्यूज दोन्ही टोकांना, बॅटरीपासून वीतभर अंतरात. एकच फ्यूज टाकणारे विसरतात की कॅम्परची बॅटरीसुद्धा वायर जाळू शकते.

या जाड वायरीवर पुढे रिले लावायचा की डीसी-डीसी चार्जर, म्हणजे येणारं व्होल्टेज बॅटरीला हवं तेवढं करून देणारा डबा? हे गाडी सांगते. इंजिन चालू करून अर्धा तास चालवा आणि मग बॅटरीवर व्होल्टेज बघा. १४ च्या आसपास टिकून असेल आणि कॅम्परमध्ये लेड-ॲसिड असेल तर व्होल्टेज बघून जोडणारा साधा रिले पुरतो, स्वस्तही पडतो. व्होल्टेज साडेबारा-तेरावर उतरत असेल आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर वर चढत असेल, तर अल्टरनेटर (इंजिनावर चालणारा वीज जनित्र) ‘स्मार्ट’ आहे, म्हणजे व्होल्टेज स्वतःच कमी-जास्त करतो. तिथे रिले कुचकामी. लिथियम असेल तर कुठल्याही गाडीत डीसी-डीसीच घ्या, कारण रिकामी लिथियम मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापवते. २० अँपिअरचा चार्जर तीन तासांत साठेक अँपिअर-अवर भरतो. छोट्या कॉम्प्रेसर फ्रिजला दिवसभराला तीस-चाळीस पुरतात.

‘डीसी-डीसी व्होल्टेज वाढवतोच, मग वायर बारीक चालेल’ असं दुकानदार सांगतील. ऐकू नका. पुढून व्होल्टेज कमी मिळालं की तो तेवढा जास्त करंट ओढतो, वायर आणखी तापते आणि शेवटी चार्जर बंद पडतो.

आता कोकणातला खरा प्रश्न: खारा वारा. पहिल्या वर्षीच्या साध्या तांब्याच्या वायरीचं आवरण मी सोललं तेव्हा आत बोटभर लांबीपर्यंत हिरवट-काळी पूड होती. वरून वायर नवीकोरी! मालवणला जेटीवर होड्यांची वायरिंग करणाऱ्या काकांना दाखवली तर हसले. “तांबडी तार होडयेक चलाची नाय, पांढरी घे.” पांढरी म्हणजे कल्हई केलेली तांब्याची तार. महाग आहे, पण हौद्याखालून जाते तिथे दुसरी घालूच नये. थिंबल (वायरीच्या टोकाचं धातूचं टोपण) दाबून बसवायचं, वर आतून गोंद असलेली स्लीव्ह तापवायची. नुसती काळी टेप म्हणजे पावसाला आमंत्रण. अर्थसाठी चेसिसवर विसंबू नका. गंजलेल्या बोल्टमागे लागून मी एक अख्खा रविवार घालवलाय. निगेटिव्हही तेवढीच जाड, थेट बॅटरीपर्यंत. प्लग बंपरखाली न लावता हौद्याच्या पुढच्या भिंतीत, आतल्या बाजूने लावा. समुद्राचं पाणी आणि चिखल तिथे कमी पोचतो.

नुसत्या सोलरचं काय? ऑक्टोबर ते मे, एका जागी दोन-तीन दिवस मुक्काम करणाऱ्यांना २०० वॉटचं पॅनेल आणि फक्त दिव्यांचा प्लग भागवतं. गाडीच्या बॅटरीला हातच लावायला नको. पण माडाखाली सावलीत गाडी लावलीत की पॅनेल जवळपास झोपतंच, आणि जून ते सप्टेंबर त्याच्या भरवशावर मासे ठेवू नयेत. आठवड्याला पॅनेलवरच्या खाऱ्या थरावर ओला फडकाही मारावा लागतो. दाभोळ-धोपावे फेरीबोटीने रोज पुढचं गाव गाठणारे असाल तर जाड वायरच घ्या.

मी दिवे सात पिनीवर, चार्जिंग अँडरसनवर, छतावर एक पॅनेल असं ठेवलंय. मागच्या दिवाळीत कॅम्पर जॅकवर उचलून गाडी पुढे काढताना दोन्ही प्लग काढायचे राहिले. अँडरसन आपसूक सुटला, सात पिनीचं सॉकेट पत्र्यासकट उपटलं. आता जॅकच्या हँडलला लाल चिंधी बांधलीय, ती सोडण्याआधी प्लग काढायचे.