चेंबरलेनचं वॉर कॅबिनेट की चर्चिलचं?

सप्टेंबर १९३९ मधे, दुसरं महायुद्ध सुरू होताच, ब्रिटनचा पंतप्रधान चेंबरलेनने नऊ जणांचं वॉर कॅबिनेट (युद्धाचे निर्णय घेणारं छोटं मंत्रिमंडळ) केलं, त्यात नौदल चर्चिलकडे, लष्कर होर-बेलिशाकडे, हवाई दल किंग्जली वुडकडे आणि या तिघांचा मेळ घालायला चॅटफिल्ड हा वेगळाच मंत्री, म्हणजे जो तो आपापल्या खात्याची बाजू घेऊन बसणार, मग झटपट निर्णय होणार कसे? मे १९४० मधे चर्चिल पंतप्रधान झाला आणि त्याने ही घडीच मोडली. फक्त पाच जण, संरक्षणमंत्री स्वतःच, तिन्ही दलांचे मंत्री चक्क बाहेर! परराष्ट्र खात्यावर हॅलिफॅक्स कायम (आपल्याकडे व्हाईसरॉय होता तो आयर्विन हाच). ॲटली, ग्रीनवुड हे लेबरवाले (मजूर पक्षाचे) पण आत आले, चेंबरलेनच्या सरकारात लेबर नव्हतीच. मला तरी चर्चिलचीच रचना सरस वाटते, आणि विशेष म्हणजे त्याने चेंबरलेनलाही लॉर्ड प्रेसिडेंट (एक वरिष्ठ मंत्रिपद) म्हणून त्याच पाचात घेतलं.